दमयंतीचे जासूद

नल-दमयंतीची कथा म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी हंस येतो. नलाच्या हाती सापडलेला, गयावया करणारा, आणि सुटका होताच दमयंतीच्या बागेत जाऊन नलाचे गुण गाणारा तो हंस रघुनाथपंडिताने मराठीत असा काही बोलका केला, की कथा म्हणजे हंस आणि हंस म्हणजे प्रेम हे समीकरण आपल्या मनात पक्के बसून गेले. श्रीहर्षाचे नैषधीयचरित तर चांगले बावीस सर्गांचे. पण त्याचाही मुक्काम लग्न आणि लग्नानंतरचे विलास इथेच पडतो. कवींना दोष देण्याचे कारण नाही. रसिकांचे मन जिथे रमते तिथे कवी थांबतो. तरीपण विदर्भात जन्मलेला आणि विदर्भातच पोरांना मराठी शिकवून पोट भरणारा माणूस म्हणून मला राहून राहून वाटते, की आपल्याच लेकीची कथा आपण अर्ध्यावर सोडली. दमयंती आमची. आर्वीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की कौंडिण्यपूर लागते. तेच तिच्या बापाचे कुंडिनपूर असे इकडे सारे मानतात. माझ्या समुद्रपूरहून ते दूर पडते, पण माहेर ते माहेर.

ही सोडलेली अर्धी कथा महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि ती हरवलेल्या माणसाला शोधण्याची कथा आहे. द्यूतात राज्य गेले. नलाने झोपलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र कापून घेतले आणि तिला अरण्यात टाकून तो निघून गेला. पुढे कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटले, नाव पालटले; तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाचा सारथी होऊन राहिला. इकडे भीमराजाने लेकीजावयाच्या शोधासाठी चहूकडे ब्राह्मण धाडले आणि बक्षीस लावले. त्या बक्षिसाची अट वाचकांनी नीट पाहावी. जो दोघांना घेऊन येईल त्याला हजार गाई, अग्रहार आणि नगराएवढे गाव. आणि आणणे जमले नाही, नुसता ठावठिकाणा कळवला, तरी हजार गाई! ज्याने हे लिहिले त्याला घरात वाट पाहणाऱ्यांचे मन ठाऊक होते, याविषयी मला शंका नाही. माणूस परत येणे ही पुढची गोष्ट. तो आहे, आणि अमुक ठिकाणी आहे, एवढे कळणे हीच एक स्वतंत्र प्राप्ती आहे, आणि तिची किंमत कवीने हजार गाई धरली.

दमयंती स्वतः सापडली ती चेदिराजाच्या घरी. सुदेव नावाच्या ब्राह्मणाने तिला ओळखले ते धुळीने झाकलेल्या, भिवयांमधल्या खुणेवरून. माहेरी परतल्यावर तिने नलाचा शोध आपल्या हाती घेतला, आणि कथेला रंग चढतो तो इथे. तिने ब्राह्मणांना नलाचे वर्णन करून धाडले नाही. वर्णन बदललेले असू शकते हे ती जाणून होती. तिने त्यांना एक प्रश्न पाठ करून दिला. अर्धे वस्त्र कापून, झोपलेल्या बायकोला सोडून जाणाऱ्या जुगाऱ्याला विचारलेला तो प्रश्न प्रत्येक राजसभेत, प्रत्येक मेळ्यात म्हणायचा. कुणी उत्तर दिलेच, तर तो कोण, श्रीमंत की दरिद्री, समर्थ की असमर्थ, हे टिपून घ्यायचे, आणि आपल्याला कोणी पाठवले ते कळू न देता परत यायचे. पर्णाद नावाचा ब्राह्मण अयोध्येहून बातमी घेऊन आला. भरसभेत कोणी बोलले नव्हते. पण सभेबाहेर एका आखूड हातांच्या, कुरूप सारथ्याने उसासे टाकीत, डोळे पुसत त्याला उत्तर दिले होते. तेवढ्यावर दमयंतीने पुढची चाल केली. उद्याच दुसरे स्वयंवर आहे असा खोटा निरोप अयोध्येला धाडला, कारण एका दिवसात एवढी मजल मारणारा सारथी जगात एकच होता. बाहुक आल्यावर केशिनी दासीला त्याच्यावर नजर ठेवायला बसवले, त्याने रांधलेले अन्न चाखून पाहिले, मुलांना त्याच्यापुढे पाठवले. एखादा निष्णात वकील साक्षीपुरावे गोळा करील त्या शिस्तीने या बाईने आपला नवरा सिद्ध केला आहे. रडली ती सारखीच; पण रडता रडता काम केले.

अशी दमयंती पुराणात असताना आमच्या अर्वाचीन वाङ्मयात तिची बहीण का दिसू नये? आमच्याकडे तुरुंगाचे वाङ्मय कमी नाही. 'गीतारहस्य' मंडालेला लिहिले गेले, विनोबांची गीतेवरची प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी टिपून घेतली, 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात उतरली, आणि 'माझी जन्मठेप' तर नावानेच सांगते. तुरुंग हे मराठी लेखकाचे जणू एक अभ्यासिकागृहच होते! पण या साऱ्या पुस्तकांत आपण आत बसून बाहेर पाहतो. बाहेर उभे राहून आत पाहणारी नजर कुठे आहे? टिळक मंडालेला असतानाच १९१२ साली इकडे पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. त्यांच्या त्या चार वर्षांचे पुस्तक कुणी लिहिले नाही. नाही म्हणायला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. न सांगता घरातून निघून जाणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या बाईने हसतहसत लिहिले आणि वाचणाऱ्याला रडवले. तो एक अपवाद. शिवाय तिथे तुरुंग नाही.

हे सारे मनात येण्याचे कारण एक इंग्रजी पुस्तक आहे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच, त्यामुळे मी ते शब्दकोश शेजारी ठेवून, सावकाश, दोनदा वाचले. मुंबईच्या हमीद अन्सारी या तरुणाने गीता मोहन या पत्रकारबाईंच्या साहाय्याने २०२० साली ते प्रसिद्ध केले. हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. इंटरनेटवर एका पाकिस्तानी मुलीशी ओळख झाली, ती संकटात आहे असे कळले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये नोकरीच्या कामाला काबूलला जातो असे घरी सांगून हा मुलगा निघाला. अफगाणिस्तानातून परवान्यावाचून सरहद्द ओलांडून, दुसऱ्या नावाचे बनावट ओळखपत्र खिशात घालून तो कोहाटला पोहोचला आणि पकडला गेला. बाहुकच झाला म्हणायचा! बेकायदा प्रवेशावर हेरगिरीचा आरोप चढला, लष्करी न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये तीन वर्षांची सजा दिली, आणि आधीची तीन वर्षे त्यात धरलीच नाहीत. १८ डिसेंबर २०१८ रोजी तो वाघ्याच्या फाटकातून परत आला.

पुस्तकाच्या नावात बंदिवास, तगून राहणे आणि सुटका असे तीन शब्द आहेत. तिन्ही कैद्याचे. शोध हा चौथा शब्द त्यात नाही, आणि माझे भांडण काय ते तेवढ्याशीच आहे. आईची धडपड पुस्तकात येते, मुलगा तिच्याविषयी कृतज्ञतेने लिहितो, त्यात कसर नाही. पण पुस्तकाचा 'मी' कोठडीत आहे, आणि कोठडीतल्या माणसाला बाहेर काय चालले आहे ते दिसत नाही. ते त्याला मागाहून ऐकून लिहावे लागते. ऐकून लिहिलेला शोध आणि स्वतः केलेला शोध यांत, कादंबरीकाराच्या दृष्टीने, जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

वास्तविक फौजिया अन्सारी यांची बाजू ही स्वतंत्र महाकाव्याची सामग्री आहे. ही बाई शिकवणारी, कॉलेजात हिंदीची प्राध्यापिका, नवरा बँकेतला. मुलाचा फोन लागेनासा झाला तेव्हा आईबापांना तो कोणत्या देशात आहे हेही ठाऊक नव्हते. त्यांनी त्याचा संगणक उघडला आणि त्याचे संभाषण वाचून काढले. तरुण मुलाची खाजगी पत्रे आईने वाचायची, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, आणि प्रेमाची भाषा ओलांडून त्यात गावांची नावे शोधायची. या प्रसंगाचे मोल जाणण्यासाठी वाचकाने क्षणभर स्वतःला तिथे बसवून पाहावे. त्यानंतर दिल्लीची मंत्रालये, दोन्हीकडचे वकील, आणि अखेर पेशावरचे उच्च न्यायालय. त्या न्यायालयात सरकारी वकिलाने जानेवारी २०१६ मध्ये सांगितले, की होय, हा मुलगा लष्कराच्या ताब्यात आहे. म्हणजे नुसता ठावठिकाणा कळायला तीन वर्षांवर काळ गेला! आपल्या सरकारने पाकिस्तानला या एका माणसासाठी ९६ पत्रे धाडली असे सांगतात. दमयंतीच्या ब्राह्मणांनी किती सभांत तो प्रश्न म्हटला ते व्यासांनी मोजलेले नाही. इथे मोजदाद आहे.

वर्तमानपत्रांनी या हकीकतीला 'वीर-झारा'ची उपमा दिली. ती मला खटकली. २००४ सालचा तो चित्रपट सणासुदीला दूरदर्शनसंचावर लागतो आणि घरची मंडळी फराळाची ताटली घेऊन समोर बसतात, मीही बसतो. नायक प्रेयसीच्या अब्रूसाठी खोटे नाव पत्करतो आणि बावीस वर्षे तोंड उघडत नाही, हे पाहून डोळे भरून येतात. पण कुणाच्या ध्यानात येते का, की त्या मौनाचा भुर्दंड गावाकडच्या म्हाताऱ्यांनी भरला? पोरगा अपघातात गेला असे समजून ते मरून गेले. चित्रपटाला त्या मौनाचा अभिमान आहे. व्यासांना नव्हता. त्यांचा नल लपून बसतो खरा, पण प्रश्न कानी पडताच त्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

इथे कुणी म्हणेल, की गुरुजी, कथा प्रेमाची असते. अर्ज, झेरॉक्स आणि पोचपावत्या यांची कुठे कथा होते? हा आक्षेप मी माझ्या लेखकमित्रांकडून ऐकला आहे, आणि काही वर्षांपूर्वी मला तो खराही वाटला असता. मग आमच्या गावची एक बाई माझ्याकडे आली. मुलगा एका दलालामार्फत मलेशियाला गेलेला, पर्यटकाच्या व्हिसावर, हॉटेलात कामाला. दोन महिने फोन नाही. "माह्या पोराचा फोन लागूनच नाही राह्यला जी, गुरुजी. कुठी हाय थो, एवढंच सांगा मले. आन् नका म्हणू." गिरडच्या डोंगरावर बाबा फरीदांच्या दर्ग्याला नवस बोलून झाला होता, आमच्या तालुक्यात हिंदू-मुसलमान दोघांचाही तो पहिला अर्ज असतो. दुसरा लिहायला ती माझ्याकडे आली होती.

परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' नावाचे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. मी शाळेतल्या संगणकावर ते उघडले आणि तिला एकेक प्रश्न विचारू लागलो. पारपत्राचा नंबर? ठाऊक नाही. मालकाचे नाव, पत्ता? नाही. व्हिसाची तारीख? नाही. आणि न विचारता ती काय काय सांगत होती! उजव्या कानामागे जन्मखूण आहे, लहानपणी बंडीवरून पडून कोपर वाकडे झाले आहे, ताप आला की झोपेत मोठ्याने बोलतो. सुदेवाला पुरली असती अशी सगळी ओळख तिच्यापाशी होती; आणि त्या रकान्यांत भरण्यासारखे एक अक्षर नव्हते. दमयंतीचा प्रश्न असा होता, की त्याचे उत्तर एकच माणूस देऊ शकेल. कचेरीचा प्रश्न असा असतो, की कुणीही परका त्याचे उत्तर देईल, पण आईला देता येणार नाही. हा विरोध ज्याला रुक्ष वाटतो त्याने खुशाल चंद्रावर कविता कराव्यात.

नंबर अखेर सापडला तो जामच्या मेहुण्याच्या मोबाइलमध्ये. व्हिसाच्या कागदाचा फोटो मुलाने मोठ्या ऐटीने त्याला धाडला होता. मग अर्ज गेला, क्वालालंपूरच्या उच्चायोगाला वेगळे पत्र गेले, आणि सातव्या आठवड्यात एका ओळीचे उत्तर आले, की मुदत उलटूनही राहिल्याबद्दल तो तिथल्या परदेशी लोकांच्या कोठडीत आहे, प्रकृती बरी आहे. सुटकेचे त्यात काही नव्हते. ती ओळ बाईने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, कागद पदराच्या टोकाला बांधला आणि घरी जाऊन चूल पेटवली. हजार गाईंचा हिशोब मला त्या दिवशी कळला.

यात काही ठिकाणी जगरहाट सुधारली आहे, हे नाकारता येत नाही. परक्या देशात पकडलेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला. भारत-पाकिस्तानने २१ मे २००८ रोजी आपसांत वेगळा करार केला. त्याप्रमाणे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या आणि कोळ्यांच्या याद्या देतात. ही यादी आमच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर, कोणत्याही दिवाळी अंकापेक्षा अधिक आतुरतेने ऐकली जाते. तिथले आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ ओढलेली नसते. बोट धरली गेली की कराचीचा मलीर तुरुंग. समीक्षक म्हणून मी या यादीकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहतो. नाव, बापाचे नाव, गाव. वारली आईने ठेवलेले नाव आधी उर्दूत, मग इंग्रजीत, मग पुन्हा आपल्याकडच्या पोलिसाच्या तोंडी. या प्रवासात त्याचे काय होत असेल ते शाळेच्या हजेरीपटावर नावे लिहिणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. आणि नाव जुळले नाही तर राष्ट्रीयत्व जुळत नाही, राष्ट्रीयत्व जुळले नाही तर सजा भोगून झाल्यावरही फाटक उघडत नाही. मार्च २०२४ मध्ये डहाणूकडचा एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला. त्याचा देह घरी यायला दीड महिना लागला.

आपण नेहमी दमयंतीच्याच बाजूला असतो असेही नाही. जून २०२५ मध्ये मिरा रोडला काम करणारा पश्चिम बंगालचा एक गवंडी बांगलादेशी समजून पकडला गेला आणि सरहद्दीपलीकडे ढकलला गेला. तो भारतीयच निघाल्यावर त्याला परत आणावे लागले. त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने अयोध्या म्हणजे आपला महाराष्ट्र.

युरोपात एका कादंबरीकाराला हे काम आपले वाटले होते. पहिले महायुद्ध पेटल्यावर रेडक्रॉसने जिनिव्हात युद्धकैद्यांच्या शोधासाठी कचेरी काढली. घराघरांतून पत्रे येत: माझा मुलगा, माझा नवरा कुठे आहे? प्रत्येक नावाचे एक कार्ड. अशी सुमारे सत्तर लाख कार्डे तिथे झाली. त्या कचेरीत १९१४-१५ साली पत्रांची उत्तरे देत बसलेल्या स्वयंसेवकांत रोमाँ रोलाँ होते, 'ज्याँ क्रिस्तोफ'चे लेखक, पुढे गांधीजींचे चरित्र लिहिणारे. सेवाग्रामच्या जिल्ह्यात त्यांचे नाव आदराने घेतले जाते ते या चरित्रामुळे. मला मात्र ते कार्डांच्या पेट्यांपुढे वाकलेले अधिक आवडतात. आमच्यातल्या कुणी ती कार्डे हाताळली असती तर मराठी कादंबरीला पर्णाद भेटला असता, केशिनी भेटली असती. प्रेमी जीव काय, पुष्कळ भेटले आहेत.

पर्णादावरून हमीदच्या हकीकतीतला एक जासूद सांगायचा राहिला. जुन्या मराठीत जासूद म्हणजे निरोप्या आणि जासूद म्हणजे हेरही. या प्रकरणात दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतले. लाहोरची झीनत शहजादी नावाची एक तरुण पत्रकार. फौजियाबाईंशी तिचे ना नाते ना गोते. २०१३ साली तिने त्यांचे अधिकारपत्र घेऊन पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मानवाधिकार कक्षाकडे अर्ज केला आणि दमयंतीचा प्रश्न त्या देशातल्या सभांत म्हणू लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये रिक्षाने कामावर जाताना तिला भररस्त्यात कुणी उचलून नेले. लाहोरात तिच्या घरची माणसे चौकशी आयोगापुढे खेपा घालू लागली. मार्च २०१६ मध्ये तिच्या धाकट्या भावाने जीव दिला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती अफगाण सरहद्दीजवळ सापडली.

महाभारतात पर्णाद बातमी घेऊन आला तेव्हा दमयंतीने त्याला धन देऊन गौरवले, नल आला की आणखी देईन असे सांगितले, आणि तो संतुष्ट होऊन आपल्या घरी गेला. हमीदच्या पुस्तकाची मराठी आवृत्ती कुणी काढायची म्हटली, तर तिला झीनतच्या घरच्या त्या दोन वर्षांचे एक प्रकरण जोडावे. त्यासाठी लाहोरला जाऊन तिच्या आईला विचारावे लागेल.